तीन रुग्णालयं आणि माझा डावा गुडघा

आमच्या इमारतीत मला ‘खालीवर’ म्हणतात. तोंडावर खालीवरकाका, पाठीमागे नुसतं खालीवर. लिफ्टच्या मेकॅनिकला याहून भारदस्त नाव मिळेल ही आशा मी कधीच सोडून दिली. एकतीस वर्षं मी आमच्या शहरातल्या सरकारी रुग्णालयांच्या लिफ्ट सांभाळतोय. आता ती तीन आहेत. एक जुनं, बाजाराच्या मागचं. एक टेकडीवरचं. आणि एक नवं, ज्याला बांधून नऊ वर्षं झाली तरी लोक नवंच म्हणतात. ही तिन्ही मला आतून माहीत आहेत, असं मी चारचौघांत सांगायचो. आतून म्हणजे तळाच्या खड्ड्यापासून गच्चीवरच्या मशीन रूमपर्यंत. मधल्या मजल्यांवर डॉक्टर लोक काय करतात ते मी कधी डोकावून बघितलं नव्हतं. पण एवढा खुलासा चारचौघांत कोण करत बसतो?

तर लोक मला विचारायला यायचे. पूर्वी आमच्या भागातला दवाखाना ज्या रुग्णालयाची चिठ्ठी देईल तिथे गुपचूप जायचं आणि नंतर नावं ठेवायची, असा सरळ कारभार होता. मग नियम आला की रुग्णाने स्वतःच सांगायचं, मला अमुक ठिकाणी जायचंय. लोकांची पंचाईत झाली. निवड आपलीच म्हटल्यावर नावं कुणाला ठेवणार? अशा वेळी जबाबदारी ढकलायला एखादा जाणकार लागतो, आणि दुसऱ्या मजल्यावर मी होतोच.

तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई पित्ताशयातले खडे घेऊन माझ्याकडे आल्या. खडे पोटात, हातात चिठ्ठी. मी दोन मिनिटं डोळे मिटले आणि म्हणालो, “जुन्यात जा.”

“तिथले डॉक्टर चांगले आहेत?”

“तिथे एकदम शिस्त आहे,” मी म्हणालो. खरी गोष्ट अशी, की जुन्या रुग्णालयाची तीन नंबरची लिफ्ट मजल्याला इतकी अलगद टेकते की हातातला चहा हलत नाही. ती मीच बसवलेली. बाई तिथे गेल्या, खडे निघाले, आठव्या दिवशी त्या मशीनवर बसल्या आणि माझ्या शर्टाच्या दोन कॉलर फुकट उलटून दिल्या. झालं. तेव्हापासून मोतीबिंदूपासून मूळव्याधीपर्यंत सगळ्या तक्रारी माझ्या दारात येऊ लागल्या, आणि मी प्रत्येकाला लिफ्टच्या तब्येतीवरून रुग्णालय सांगत गेलो. कुणाचं वाईट झालं नाही यात माझी काही करामत नाही. तिन्हीकडचे डॉक्टर बरे असावेत, एवढाच त्याचा अर्थ.

मग माझा डावा गुडघा गेला.

एकदम नाही गेला. एकतीस वर्षं खड्ड्यात उकिडवं बसून, लोखंडी शिड्या चढून तो हळूहळू झिजत होता. आधी नुसता वाजायचा. मग बसलं की उठवेना, उठलं की बसवेना. शेवटी आमच्या भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडाला धरला आणि म्हणाल्या, “हाडावर हाड घासतंय. बदलावा लागेल.”

“लिफ्टमध्ये आम्ही अशा वेळी ग्रीस घालतो,” मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यावर तिन्ही रुग्णालयांची नावं, प्रत्येकापुढे एक रिकामा चौकोन. “पंधरा दिवसांत एकावर खूण करून आणून द्या. तुम्हाला काय, तिन्ही ठिकाणं घरच्यासारखी.”

मी मान डोलावली. जाणकाराने डोलवावी तशी. दवाखान्याच्या चार पायऱ्या मी कठडा धरून, आडवा होऊन उतरलो.

घरी मुलीने तो फॉर्म वाचायलाही घेतला नाही. ती पार्सल पोचवणाऱ्या कंपनीत काम करते. कुठली गोष्ट कुठून किती वेळात जाईल, हे बघणं तिच्या हाडात मुरलंय. तिने फोनवर सरकारी पान उघडलं आणि पाच मिनिटांत निकाल लावला.

“जुन्यात पाच महिने थांबावं लागेल. नव्यात अकरा आठवडे. टेकडीवर सात. आणि वर्षाला गुडघे किती बदलतात ते बघ. जुन्यात दीडशे, नव्यात साठ, टेकडीवर चारशेच्या वर. परत उघडावे लागलेले गुडघेही टेकडीवरच सगळ्यात कमी. बाबा, टेकडी. विषय संपला.”

“टेकडी नको,” मी म्हणालो.

“का?”

“वारा फार असतो तिथे.”

“तुला काय गच्चीवर झोपवणार आहेत?”

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “अहो, वाऱ्याचं काय घेऊन बसलात? ती चारशे म्हणतेय.”

“तिथल्या लिफ्टचा भरवसा नाही,” मी म्हणालो.

मुलीने फोन खाली ठेवला. “त्या लिफ्ट तूच बघतोस ना?”

“म्हणून तर सांगतोय.”

यावर दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आमच्या घरात दोघींनी असं बघितलं की ते लक्षण चांगलं नसतं.

आता खरं कारण सांगतो. तीन वर्षं मी ते घरी कुणालाही कळू दिलं नव्हतं.

टेकडीवरच्या रुग्णालयात गुडघ्यांचे एक मोठे डॉक्टर आहेत. तिथले सगळे त्यांना गुडघेवाले सर म्हणतात. उंच, सडपातळ, आवाज हळू. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी दोन नंबरची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत गुडघेवाले सर, एक मावशी आणि मावशींची चादरींची ढकलगाडी. दाराच्या लॉकमध्ये मळ साचला होता. तो मला आठवडाभर आधीच दिसला होता, आणि ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून मी त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. अर्धं डोकं कापून झालेलं, अर्धं बाकी.

“निघालोच,” मी म्हणालो.

दहा मिनिटांनी परत फोन आला. तेव्हा न्हावी कानामागची रेघ मारत होता. मी पुन्हा म्हणालो, “निघालोच, वाटेत आहे.” तिसऱ्या फोनच्या वेळी तो मानेवर पावडर मारत होता. मी म्हणालो, “पोचलोच समजा.” आता माणसाने अर्ध्या डोक्याने रस्त्यावर यावं का, हा प्रश्न मला तेव्हा फार मोठा वाटला होता.

मी पोचलो तेव्हा पंचावन्न मिनिटं झाली होती. गच्चीवर जाऊन ब्रेक सोडला, हाताने चाक फिरवलं, तर लिफ्ट अर्धा मजला सरकली आणि पुन्हा रुसली. दार उघडलं तेव्हा चौथ्या मजल्याची फरशी सरांच्या छातीशी. मावशींना दोघांनी हात देऊन वर घेतलं. सर स्वतःच पोटावर पालथे होऊन बाहेर सरपटले, आणि त्यांची पँट मागून टर्रकन फाटली. कॉरिडॉरमध्ये वीस-पंचवीस माणसं उभी होती. सर उठले, गुडघ्यावरची धूळ झटकली, आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही, जरा वर.

“केस छान कापलेत,” ते म्हणाले. मग खिशातून पॅड काढून त्यांनी माझं नाव विचारलं.

तक्रार आली. साहेबांनी मला ती उभ्याने वाचायला लावली. ‘मेकॅनिक पंचावन्न मिनिटांनी, ताजे केस कापून आला’ हे वाक्य आमच्या ऑफिसात वर्षभर गाजलं. पण त्याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या, आणि त्या कुणी म्हणून दाखवत नसे. सर अडकले होते तेव्हा वर एक वयस्कर बाई ऑपरेशनच्या तयारीत झोपवलेल्या होत्या. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, पाणी नाही. उशीर झाल्यामुळे दिवसाचं सगळं वेळापत्रक कोलमडलं आणि त्या बाईंना तसंच वॉर्डात परत पाठवावं लागलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून.

मी घरी सांगितलं की ट्रॅफिक होता. बायको म्हणाली, केस छान कापलेत.

तेव्हा मला सांगा, त्या डॉक्टरांच्या समोर मी माझा गुडघा कसा नेऊन ठेवणार? गुडघा बदलतात म्हणजे काय करतात ते मी फोनवर बघितलं होतं. करवत असते. हातोडी असते. आणि आपण कमरेखाली बधिर, पळून जायचं म्हटलं तरी पाय आपले नाहीत.

पंधरा दिवसांतले तेरा दिवस मी अभ्यास केला. म्हणजे ज्या रुग्णालयात काम निघेल तिथे काम झाल्यावर पेशंट असल्यासारखं बघू लागलो. जुन्यात हाडांच्या ओपीडीसमोरच्या बाकावर जाऊन बसलो. एकतीस वर्षं त्या बाकापासून दहा पावलांवर माझी लिफ्ट, पण तो बाक इतका बुटका आहे हे मला माहीतच नव्हतं. बसलो आणि उठता येईना. शेजारी प्लास्टर घातलेल्या हाताची एक बाई होती. तिने चांगला हात पुढे केला आणि मला उपटून उभं केलं.

“पहिल्यांदाच आलात वाटतं इथे?” तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

नव्यात मात्र सगळं चकचकीत. काचेची लिफ्ट, बाक उंच, कॉफीचं मशीन. गुडघेवाल्या सरांचा मागमूस नाही. पंधराव्या दिवशी मी नव्यावर खूण केली.

“साठच गुडघे करतात तिथे,” मुलगी म्हणाली.

“माझा धरून एकसष्ट होतील.”

“बाबा, तुला टेकडीवर जायची भीती वाटते का?”

“मला?” मी म्हणालो. “मी दहा मजली शाफ्टमध्ये लोंबकळणारा माणूस आहे.”

अकरा आठवडे मी काठी घेऊन लंगडलो. एकदाचं नव्यातून तपासणीचं बोलावणं आलं. बायको बरोबर होती. नर्सबाईंनी वजन केलं, रक्त घेतलं आणि आम्हाला एका खोलीत बसवलं. भिंतीवर गुडघ्याचं मोठं चित्र होतं. मी खुशीत होतो. बायकोला म्हटलं, “बघ, किती शांत आहे.”

नर्सबाई म्हणाल्या, “आमचे गुडघ्याचे डॉक्टर गेल्या महिन्यात सोडून गेले. पण काळजी करू नका. दर गुरुवारी टेकडीवरून मोठे सर येतात. आज आलेत.”

माझ्या पाचावर धारण बसली. पळावं म्हटलं तर पँट वर गुंडाळलेली, काठी बायकोकडे आणि गुडघा हा असा. तेवढ्यात दार उघडून गुडघेवाले सर आत आले.

मी मान खाली घातली. नशीब माझं, डॉक्टर लोक चेहऱ्याकडे बघत नाहीत. ते थेट गुडघ्यापाशी बसले, तो दाबला, वाकवला, कान देऊन त्याचा आवाज ऐकला. बोलतही ते गुडघ्याशीच होते. इथे दुखतं का, असं केलं की दुखतं का. मी घशातल्या घशात हं हं करत होतो. सगळं निभावत आलं होतं.

“काम काय करता?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, “लिफ्टचे मेकॅनिक आहेत. तुमच्या टेकडीवरच्या लिफ्टसुद्धा हेच बघतात.” आवाजात अभिमान होता. ओळख निघाली तर डॉक्टर जरा जास्त लक्ष देतील, असा तिचा भाबडा हिशोब.

सरांनी मान वर केली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग जरा वर, डोक्याकडे. पुष्कळ वेळ बघितलं. मग कागदावर लिहू लागले. “तीन आठवड्यांनी ऑपरेशन,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

बसमध्ये तिसऱ्या थांब्यावर बायको म्हणाली, “ते डॉक्टर तुमच्या केसांकडे का बघत होते?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं. न्हावी, तीन वेळा निघालोच, फाटलेली पँट, तक्रारीतल्या सगळ्या ओळी. मला वाटलं ती हसेल, निदान रागावेल. घरी गेल्यावर तिने हेच मुलीला माझ्याकडून पुन्हा सांगायला लावलं. मुलगी मात्र पँटेपाशी पोट धरून हसली.

बायकोने विचारलं, “त्या बाईंचं पुढे काय झालं?”

“कुठल्या बाई?”

“ज्या उपाशी झोपल्या होत्या त्या.”

मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी सरांना किती घाबरलो, साहेबांना किती घाबरलो, ऑफिसातल्या थट्टेवर किती कुढलो. त्या बाईंचं पुढे काय झालं, हे विचारावं असं माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. म्हणजे डोक्याची फक्त वरची बाजू मी नीट ठेवली होती. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो. बस पायथ्याशी सोडते, पुढे चढ. तो चढ मी किती वेळात चढलो ते सांगत नाही. दोन म्हाताऱ्या मला मागे टाकून गेल्या. वर पोचल्यावर सरांच्या खोलीबाहेर दीड तास बसलो. शेवटचा पेशंट निघाल्यावर आत गेलो. न बसता, घोकून आणल्यासारखं म्हणालो, “सर, त्या दिवशी मी वाटेत नव्हतो. न्हाव्याकडे होतो. आणि लॉकमधला मळ मला आठ दिवस आधीच दिसला होता.”

“बसा,” सर म्हणाले. “तुमच्या गुडघ्याला उभं राहणं चांगलं नाही.”

मी बसलो. “त्या बाईंचं काय झालं, सर? ज्यांना परत पाठवलं होतं.”

त्यांना आठवायला वेळ लागला नाही. “दुसऱ्या दिवशी पहिलं ऑपरेशन त्यांचंच केलं. चांगलं झालं. पण त्या माझ्यावर महिनाभर रागावलेल्या होत्या. त्यांना वाटलं, मी उशिरा उठलो. मी लिफ्टचं सांगितलं तर म्हणाल्या, सगळे असंच काहीतरी सांगतात.”

“मग तुम्ही माझ्यावर रागावला असाल.”

“हो, चांगलाच. पँट नवी होती.” ते चष्मा पुसू लागले. “पण तीन वर्षं कोण राग धरून बसतो? मधल्या काळात इतक्या लोकांनी मला रागावायला लावलंय की तुमचा नंबर फार मागे गेला.”

मला हायसं वाटलं आणि थोडं वाईटही वाटलं. तीन वर्षं ज्याच्या भीतीने मी चौथ्या मजल्यावर जायचं टाळत होतो, त्या माणसाने मला केव्हाच विसरून टाकलं होतं. काल त्यांनी माझ्याकडे एवढा वेळ का बघितलं, ते मी विचारलं.

“डोकं ओळखीचं वाटलं, चेहरा आठवेना. घरी जेवताना आठवलं.” मग त्यांनी विचारलं, “नवं रुग्णालय तुम्ही माझ्यामुळे निवडलंत?”

मी हो म्हणालो.

“एक सांगू? ऑपरेशन तिथे करा नाहीतर इथे, करणारा मीच. ते दोन तासांचं काम. पण पुढचे सहा आठवडे गुडघा वाकवून घेणारं माणूस लागतं. इथे तळमजल्यावर व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत. लोक माझ्या नावाने येतात, चालत जातात त्यांच्यामुळे. निवडायचंच असेल तर त्यांना बघून निवडा.”

खाली जाताना मी तिला बघितलं. ठेंगणी, चाळिशीची, गळ्यात शिट्टी. एक धिप्पाड माणूस भिंतीला धरून उभा होता आणि ती त्याला म्हणत होती, “रडा, पण वाकवा.” सरकारी पानावर थांबण्याचे आठवडे होते, गुडघ्यांचे आकडे होते. ही बाई कुठेच नव्हती. आणि माझ्या लिफ्टच्या ज्ञानात तर नव्हतीच.

ऑपरेशनच्या आठ दिवस आधीपर्यंत रुग्णालय बदलता येतं. मी अर्ज केला. टेकडीवरच्या यादीत नव्याने नंबर लागला आणि आणखी सात आठवडे थांबावं लागलं. मुलीने बोटांवर मोजून दाखवलं, “अकरा आणि सात अठरा. पहिल्याच दिवशी माझं ऐकलं असतंस तर आत्ता पळत असतास.”

“मी आयुष्यात कधी पळालो नाही,” मी म्हणालो. बायको म्हणाली, हे मात्र अगदी खरं, न्हाव्याला विचारा.

ऑपरेशनच्या सकाळी मला ट्रॉलीवर आडवं केलं आणि वॉर्डबॉयने ट्रॉली नेमकी दोन नंबरच्या लिफ्टमध्ये घातली. त्या लिफ्टच्या टपावर मी शेकडो वेळा उभा राहिलोय. आत उताणा पडून छत बघायची ही पहिलीच वेळ. छताच्या पत्र्याचा एक स्क्रू गायब होता आणि पत्रा थरथरत होता. झोपलेल्या माणसाला त्या चार मजल्यांत दुसरं काही बघायलाच नसतं, फक्त तो पत्रा. हा स्क्रू मी तीन खेपा ‘पुढच्या वेळी’ म्हणून सोडला होता.

“काका, बंद नाही ना पडणार?” वॉर्डबॉयने गमतीने विचारलं.

“काही सांगता येत नाही,” मी म्हणालो. “मेकॅनिक सुट्टीवर आहे.”

तो हसला. मी मात्र मजले मोजत होतो. चौथा मजला आला, लिफ्ट थांबली, हलकासा धक्का बसला आणि दार उघडलं. इतक्या वर्षांत लिफ्टचं दार उघडलं म्हणून मला कधी एवढा आनंद झाला नव्हता.

कमरेत सुई दिली आणि खालचा मी नाहीसा झालो. पुढ्यात हिरवा पडदा होता. पडद्यामागे करवत, मग हातोडी. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. आवाज ऐकून मला काळजी वाटली नाही, कारण तो थेट आमच्या वर्कशॉपचा आवाज होता, फक्त शिव्या नव्हत्या. एकदा सर कुणालातरी म्हणाले, “घाई नको, नीट बसू दे.” मी पडद्याआड पडल्यापडल्या मनाशी कबूल केलं, की हे वाक्य मी माझ्या कामात फार कमी वेळा म्हटलंय.

पुढचे सगळे दिवस शिट्टीवाल्या बाईंचे. त्यांना कुणाचाच धंदा, वय, वशिला काही माहीत करून घ्यायचा नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं. चौथ्या दिवशी जिन्यापाशी नेलं.

“वर जाताना आधी चांगला पाय. खाली येताना आधी दुखरा. म्हणा.”

मी म्हणालो.

“आता करा.”

“बाई, लिफ्ट आहे की.”

“तुमच्यासाठी नाही,” त्या म्हणाल्या.

बारा पायऱ्या. सहाव्या पायरीवर माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी ते बघितलं आणि घड्याळात बघू लागल्या, म्हणजे मला पुसायला सवड मिळाली. बाराव्या पायरीवर गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकला आणि त्यांनी शिट्टी वाजवली. मागे उभी असलेली बायको म्हणाली, “अहो, तुम्ही चढलात.” एवढंच, पण ती हे ज्या आवाजात म्हणाली तो आवाज मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

सातव्या दिवशी घरी सोडलं. पुढच्या व्यायामासाठी रोज तळमजल्यावर यायचं होतं. निघताना खिडकीतल्या कारकून बाईंनी सगळे कागद दिले, सह्या घेतल्या आणि वर एक पिवळा फॉर्म सरकवला. ‘हे रुग्णालय तुम्ही का निवडलंत?’ खाली पाच चौकोन. घराजवळ आहे. कमी थांबावं लागतं. डॉक्टरांची ख्याती. नातेवाइकांचा सल्ला. अन्य कारण, थोडक्यात लिहा. थोडक्यात लिहायला जागा किती, तर एका बोटाएवढी.

मी पेन उघडून उभा राहिलो. कमी थांबावं लागतं म्हणावं तर अठरा आठवडे थांबलो होतो. डॉक्टरांची ख्याती तर मला चांगली माहीत होती, तिच्यामुळेच मी पळत होतो. नातेवाइकांचा सल्ला मिळाला होता, पण ऐकला नव्हता. आणि अन्य कारण लिहायचं म्हटलं तर न्हाव्यापासून सुरुवात करावी लागली असती. मागे रांग वाढली. मुलगी खाली रिक्षा थांबवून उभी होती.

“काका,” कारकून बाई म्हणाल्या, “कशावरही खूण करा. हे कुणी वाचत नाही.”

मी ‘घराजवळ आहे’ वर खूण केली. घर तिथून दोन बस पलीकडे आहे. बाईंनी न बघता फॉर्म गठ्ठ्यावर ठेवला, आणि मी बायकोच्या खांद्यावर हात ठेवून जिन्याकडे वळलो, आधी दुखरा पाय.